दुपारच्या शिफ्टआधी ऑरेंज

त्या वेळी मी नवीकोरी आजी होते. नातू पाच महिन्यांचा, मी बावन्न वर्षांची, आणि दोघांत जास्त लाडात आलेली मीच. सिडनीत वीस वर्षं गाडी चालवली होती. एकदा आमचंच गेट आणि एकदा शेजाऱ्यांची कचऱ्याची बिन, एवढं सोडलं तर कशाला धक्का लावला नव्हता. त्यामुळे ड्रायव्हिंगच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. ही बाई आज मला भेटली तर तिच्या हातातली किल्ली काढून घेईन आणि तिला मेथी निवडायला बसवीन.

मुलगी ऑरेंज नावाच्या गावी होती, सिडनीहून डोंगरापलीकडे तीन-चार तासांवर. आम्ही मूळचे नागपूरचे, त्यामुळे तिला तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टरकीच्या ट्रेनिंगची जागा मिळाली तेव्हा घरात फार हसणं झालं. संत्र्यांच्या गावची पोरगी सातासमुद्रापार जाऊन संत्र्याच्याच गावी पोचली म्हणून. प्रत्यक्षात तिथं संत्र्याचं एक झाड नाही. सफरचंदं आहेत, चेऱ्या आहेत आणि हाडं गोठवणारी थंडी आहे. जावई देशाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. तेव्हा तो तिकडे होता.

बाळंतपणाच्या रजेनंतरची तिची पहिली शिफ्ट शुक्रवारी दुपारची होती. चाइल्डकेअरमध्ये बाळाला जागा पुढच्या महिन्यात मिळणार होती, तोपर्यंत बाळाला मी सांभाळायचं ठरलं. आधी एकदा बाळाला ताप आला म्हणून तिनं रुजू होणं पुढे ढकललं होतं. आता पुन्हा हॉस्पिटलात फोन करून "येत नाही" म्हणायची तिची तयारी नव्हती.

"मम्मी, ते मला काही बोलत नाहीत," ती म्हणाली होती. "बट दे लुक अ‍ॅट ईच अदर. मला कळतं ना. तू फक्त वेळेवर ये."

"येते गं. त्यात काय एवढं?" मी म्हटलं.

त्यात काय एवढं. हे माझं त्या काळातलं आवडतं वाक्य.

माझी गाडी नेमकी दुरुस्तीला गेली होती, म्हणून नवऱ्याची व्हॅन घ्यायची होती. तो इलेक्ट्रिशियन. व्हॅन पांढरी, जुनी, पुढे दोन सीट आणि मागे रिकामी खोली असावी तशी जागा. त्यानं आपली हत्यारं आणि वायरींची भेंडोळी काढून ठेवली आणि मी त्यात माझा संसार भरला: लाकडी पाळणा, गोधड्या, डिंकाचे लाडू, तांदळाचं मोठं पोतं, डाळी. माझ्या सासूबाई तेव्हा नागपूरहून आल्या होत्या. पणतवाचं तोंड पाहायचं म्हणून त्याही निघाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, जीभ एकदम तंदुरुस्त.

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं मला अंगणात उभं करून धडा दिला. थंडीची मोठी लाट आली होती, डोंगरापलीकडे बर्फ पडत होता. तो म्हणाला, "हे बघ, व्हॅन मागून हलकी असते आणि हिची ताकद मागच्या चाकांत आहे. जड सामान मागच्या चाकांवर ठेव. पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहा. सावलीतली वळणं आणि पूल आधी गोठतात, तिथं आधीच हळू हो. आणि घसरलीच तर ब्रेक दाबू नको, पाय काढून घे."

"गाडी घसरतेय आणि मी ब्रेक दाबू नको?"

"नको."

"मग काय करू?"

"काही करू नको."

हे ऐकून मला हसू आलं. माझ्या आयुष्यात मी काही न करता बसले असेन तर ती फक्त झोपेत, आणि तिथंही कूस बदलते. मी मान डोलावली आणि तांदळाचं पोतं पुढच्या सीटच्या पाठीमागे ठेवलं, म्हणजे उतरवायला सोपं.

शुक्रवारी पहाटे घरात वंदना झाली. त्रिशरण, पंचशील, मग चहा, मग सासूबाईंचा स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट. आम्ही दोघी निघालो. डोंगर ओलांडून खाली उतरेपर्यंत रस्ता नुसता ओला होता. गवतावर मात्र पांढरं पसरलेलं. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

"मीठ सांडल्यासारखं दिसून राहिलं," त्या म्हणाल्या.

आम्ही नागपूरच्या बायका. उन्हाचं सगळं आम्हाला कळतं. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, डोकं कसं गुंडाळायचं, माठाला कुठलं फडकं लावायचं, कूलरची वाळ्याची ताटी कधी बदलायची. बर्फाचं आम्हाला एवढंच माहीत होतं की तो रसवंतीत मिळतो.

वाटेतलं बाथर्स्ट गाव सोडल्यावर चढ सुरू झाला. ऊन पडलं होतं, आकाश धुतल्यासारखं निळं, आणि मी खुशीत होते. वेळ हातात होता. एका डाव्या वळणावर दोन्ही बाजूंना पाइनची दाट झाडी होती, तिथं ऊन पोचलं नव्हतं. रस्ता जरा जास्तच काळा आणि चकचकीत दिसत होता. मला वाटलं, ओला आहे.

ओला नव्हता. तो बर्फ होता. डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो, आरपार दिसतो, म्हणून खालचा काळा रंगच दिसतो. इथं त्याला ब्लॅक आइस म्हणतात. हे शब्द मी बातम्यांत अनेकदा ऐकले होते आणि दर वेळी चॅनेल बदललं होतं.

मी वळणावर ब्रेक दाबला.

व्हॅनचा मागचा भाग उजवीकडे निघाला. आवाज नाही, धक्का नाही. तुम्ही बसलेल्या खोलीची मागची भिंत कोणीतरी अलगद सरकवावी, तसं. मी स्टिअरिंग फिरवलं, व्हॅननं ऐकलं नाही. ब्रेकवर दोन्ही पाय दिले, व्हॅननं ऐकलं नाही. तेव्हा मी, वीस वर्षं अनुभव असलेल्या बाईनं, काय करावं? मी हॉर्न वाजवला. लांबलचक. समोर कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. नागपूरच्या सीताबर्डीत गाडी चालवायला शिकलेला हात होता. अडचण आली की त्याला तेवढंच येत होतं.

"कोणाले वाजवून राहिली?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी शांत होता, कारण त्यांना अजून कळलंच नव्हतं.

मग व्हॅन रस्ता सोडून गवतावर गेली, हळूच अर्धी गिरकी घेतली आणि कोणाच्या तरी कुरणाच्या तारेला नाक टेकवून थांबली. तारेपलीकडे मेंढ्या उभ्या होत्या. हॉर्न अजून चालूच होता. मी हात काढला.

दोघींना खरचटलंही नव्हतं. इंजिन चालू होतं. मी रिव्हर्स टाकून पाहिला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि बर्फाळ चिखल उडाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच, फक्त चाकं आणखी खाली रुतली. मी पुन्हा दाबणार होते, कारण जे काम होत नाही ते जास्त जोरात करायचं, ही माझी पद्धत. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा होता. फोन सासूबाईंच्या हातात, सिग्नलची एकच काडी.

"आजी, कुठे आहात?" स्पीकरवर तिचा आवाज. "शेजारच्या आँटी बाळाजवळ बसल्यात, पण त्यांना बाराला निघायचंय. त्यांना थांबवून ठेवू का?"

मी खुणा केल्या: थांबव, थांबव म्हणा. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मेंढ्यांकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "पोचतोच आहो बाई आम्ही. पाच-दहा मिनिटं. जाऊ दे त्यांले."

"आर यू शुअर?"

"हो वो माय. तू जेवून घे."

फोन ठेवला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"आई, काय सांगितलंत तुम्ही?"

"मग काय सांगू? तुझी माय तारेत अडकली म्हणू? अंगावर पाजून राहिली ती. बाईच्या जातीनं धास्ती घेतली का दूध आटते."

"दूध नाही आटत हो!"

"तुले काय माहीत? तुले कोणी धास्ती दिलीच नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळं लपवून ठेवलं, म्हणून तुझी पोरगी एवढी धष्टपुष्ट."

माझ्या बाळंतपणात यांनी काय काय लपवलं होतं, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी फोन ओढून घेतला आणि मुलीला लावला. सिग्नल गेला होता. फोन डोक्यावर धरून तारेच्या कडेकडेनं चालले, घसरले, तारेला धरून उभी राहिले. काडी येईना. तिकडे माझी मुलगी शेजारणीला "थँक यू, आई पोचतेच आहे" म्हणत असणार होती आणि मी इथं मेंढ्यांना फोन दाखवत होते.

थोड्या वेळानं एक यूट आली. यूट म्हणजे इकडची मागे उघडी असलेली गाडी. गमबूट घातलेली, माझ्याच वयाची बाई चालवत होती. तिनं वळणाच्या आधीच गाडी थांबवली आणि गवतावरून चालत आली.

"यू गर्ल्स ओके?"

गर्ल्स म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा उजळला. तेवढं इंग्रजी त्यांना कळायचं.

तिनं आम्हाला दोघींना व्हॅनमधून बाहेर काढलं आणि झाडीपासून लांब, उन्हात उभं केलं. पुढची गाडी घसरली तर ती सरळ तुमच्या दारात येईल, म्हणाली. तिच्याकडे दोर होता. तिनं ओढायचा प्रयत्न केला, पण तिचीच चाकं फिरायला लागली, तेव्हा तिनं लगेच सोडून दिलं. मी म्हटलं, अजून एकदा जोरात. ती म्हणाली, नको लव्ह, आता ऊन येईपर्यंत थांबायचं.

"किती वेळ?"

तिनं झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मग वळणाच्या मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात करून हळू करायला लावू लागली. आम्ही दोघी गोधड्या पांघरून उन्हाच्या तुकड्यात उभ्या राहिलो. सावलीची रेघ रस्त्यावर होती आणि ती सरकत नव्हती. मी तिच्याकडे एकटक बघत होते. सूर्याला ढकलता येत असतं तर त्या दिवशी मी ढकललं असतं. मी रडलेही थोडी, पण गोधडी तोंडावर घेऊन, कारण सासूबाईंसमोर रडायची मला सवय नव्हती.

"सू सू लागली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग अशी काऊन करून राहिली?"

शेवटी ऊन वळणावर आलं. बर्फाची चमक गेली, रस्ता नुसता ओला दिसायला लागला, आता खरोखरचा ओला. यूटवाल्या बाईनं व्हॅनचं मागचं दार उघडून आत पाहिलं, पुढे टेकवलेलं तांदळाचं पोतं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिनं आणि मी पोतं ओढत मागच्या चाकांवर आणलं. सासूबाई आपणहून त्या पोत्यावर जाऊन बसल्या.

"आई, उतरा. असं बसायची परवानगी नाही इथं."

"रस्त्यावर चढतपर्यंत बसतो. मीही एक पोतंच आहो."

मी रिव्हर्समध्ये, पाय पिसासारखा हलका ठेवून, चाकं जागच्या जागी न फिरवता व्हॅन इंच इंच मागे घेतली. पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकलं, आणि व्हॅननं माझं ऐकलं. रस्त्यावर आल्यावर सासूबाई पुढे येऊन पट्टा बांधून बसल्या. बाईनं हात केला आणि गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

काही अंतरावर सिग्नल आला आणि फोन लागोपाठ वाजायला लागला. मी गाडी बाजूला घेतली. मुलीचे मेसेज होते. कुठे आहात. आजी पाच मिनिटं म्हणाली होती. फोन का लागत नाही. आँटी गेल्या. आणि शेवटचा, बराच आधी आलेला: तुम्हाला काही झालं का, मी बाळाला घेऊन शोधायला निघतेय.

त्यानंतर काही नाही.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तो रस्ता मी आत्ताच पाहिला होता. तिची गाडी लहानशी, निळी, आणि मागे कॅप्सूलमध्ये, म्हणजे बाळाच्या खास सीटमध्ये, पाच महिन्यांचं बाळ. ती आईला शोधायला निघालीय म्हणजे घाईत असणार. आणि तिला वाटतंय आम्ही गावाजवळच कुठेतरी आहोत, कारण आजीनं सांगितलं होतं, "पोचतोच आहो."

सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. त्यांनी शालीच्या आत हात जोडले.

मला उडत जायचं होतं. आणि उडता येत नव्हतं, हेच त्या सकाळचं सगळ्यात वाईट. पुढे अशी आणखी किती सावल्यांची वळणं होती कोण जाणे. प्रत्येक वळणाच्या आधी मी पाय काढून घ्यायचे, गिअर खाली आणायचे, लाइट लावलेले, पुढच्या ट्रकपासून इतकं लांब की मधल्या जागेत लग्नाचा मांडव बसला असता. मागचे लोक वैतागून ओव्हरटेक करत होते. करू देत. समोरून येणारी प्रत्येक गाडी मी बघत होते. निळी आली की आतला चेहरा बघायचे. ती नव्हे. पुढची. तीही नव्हे. रस्त्याकडेला एका ठिकाणी घसरल्याच्या खुणा गवतात गेलेल्या दिसल्या आणि मी त्या खुणांच्या शेवटापर्यंत पाहिलं. तिथं काही नव्हतं. ज्या बाईला आदल्या दिवशी "काही करू नको" यावर हसू आलं होतं, तिला आता चाळीसच्या स्पीडनं जाण्याखेरीज काहीही करता येत नव्हतं.

"गोष्ट सांगितली असती खरी," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तर घरीच बसली असती पोरगी."

बोलायला माझ्याकडे होतं भरपूर. पण त्या इतक्या लहान दिसत होत्या त्या जॅकेटात.

गावाची पाटी दिसली तेव्हा फोन वाजला. सासूबाईंनी स्पीकर लावला.

"मम्मी? ओ माय गॉड. तुम्ही ठीक आहात?"

"आम्ही ठीक आहोत. तू कुठे आहेस? बाळ?"

"हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. मी निघाले होते, पण रस्ता बघून पहिल्याच चौकातून परत फिरले. फोनची बॅटरी गेली होती, आत्ता गाडीत चार्जिंगला लावला. घरी नको, सरळ इकडे या. मला आत जायचंय."

आम्ही पोचलो तेव्हा ती गाडीबाहेर उभी होती, हॉस्पिटलच्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेले, बाळ खांद्यावर. डोळे लाल. तिनं व्हॅनचं तारेनं ओरखडलेलं नाक पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं बाळ माझ्याकडे दिलं, बॅग सासूबाईंकडे दिली, "दोन बाटल्या आहेत" म्हणाली आणि पळत दारातून आत गेली. तिला उशीर झाला होता, पण अजून शिफ्ट चुकली नव्हती.

मग आम्हाला कळलं की घराची किल्ली तिच्या खिशात आहे. तिच्या गाडीचीही, आणि बाळाची कॅप्सूल त्या गाडीत. व्हॅनमध्ये बाळाला न्यायची सोय नाही. म्हणजे ती बाहेर येईपर्यंत आम्ही तिघं कुठेही जाऊ शकत नव्हतो.

बाळानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि रडायला सुरुवात केली. आम्ही हॉस्पिटलच्या पुढच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. मी त्याला उभं धरलं, आडवं धरलं, बाटली दिली, बाटली काढली, हॉलमध्ये फिरवलं. तो रडत राहिला. लोक बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थानं त्याला आपली टोपी दाखवली, तरी रडत राहिला. शेवटी सासूबाईंनी हात पुढे केले. त्यांनी काही केलं नाही, नुसतं मांडीवर घेतलं आणि ते मोठं जॅकेट त्याच्याभोवती बंद केलं. बऱ्याच वेळानं तो दमून झोपला.

"जाऊन किल्ली मागून आण ना," त्या कुजबुजल्या.

"पहिला दिवस आहे तिचा. नको."

"मग किती वेळ बसायचं असं?"

मला माहीत नव्हतं. मी गाडीतून लाडूंचा डबा आणला, दोघींनी एकेक खाल्ला. लाडू थंडीनं दगड झाले होते.

तेवढ्यात काचेच्या दारापलीकडच्या कॉरिडॉरमधून ती दिसली. आणखी दोघं डॉक्टर तिच्यासोबत होते. ती चालता चालता त्यांना काहीतरी सांगत होती आणि ते दोघं मान खाली घालून ऐकत होते. आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. सासूबाईंनी तिला हाक मारायला हात उचलला. मी तो हात धरून खाली घेतला आणि आमच्या मधल्या खुर्चीवर ठेवला. त्यांनी काढून घेतला नाही. ती दुसऱ्या दारातून आत गेली आणि आम्ही बसून राहिलो.